इतर

शिकलगार इलाही बाबालाल, मुक्काम आरग, तालुका मिरज.
वय आधार कार्डाप्रमाणे एकाहत्तर,
त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'त्याहून जरा पुढं'.
वृद्ध कलावंत मानधनाचा अर्ज.
पंचायत समितीची खिडकी, खिडकीच्या आत मी.

कलाप्रकार या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.
यादीत भजन आहे, भारूड आहे,
शाहिरी, तमाशा, गोंधळ, सगळं आहे.
आवाज नाही.
'आवाज म्हणजे गायन का?'
'गायन न्हवं ओ. आवाज म्हंजे आवाज.
म्हशीचा म्हशीगत.'

'पुरावा लागतो.'
त्यांनी पिशवीतनं फाइल काढली,
युरियाच्या पोत्याचं कव्हर, सुतळीची गाठ.
आत हेडमास्तरांचे त्रेपन्न दाखले,
जांभळ्या शिक्क्यांचे, घडीवर फाटलेले.

'सदर इसमाने एकवीस पशुपक्ष्यांचे आवाज काढून
विद्यार्थ्यांचे मनोरंजन व ज्ञानवर्धन केले.
शिस्त बिघडली नाही.'
'घुबड वगळावे अशी सूचना दिली होती. वगळले नाही.'
'मानधन रुपये सात, ज्वारी दोन शेर.
सायकलचे पंक्चर शाळेने काढून दिले.'

बहात्तर सालचा मात्र एकही नाही.
'त्या साली हिंडला नाहीत?'
'हिंडलो की. जतच्या अंगाला.
पोरांनी मोट मागितली.
कोंबडं नको, वाघ नको, मोट.
मग चाकाची कुरकुर काढली, नाड्याचा ताण काढला,
आन् थारोळ्यात पाणी ओतलं, भळ्ळकन.
दुसऱ्यांदा मागितलं, ओतलं.
तिसऱ्या खेपेला मास्तरच उठले,
म्हणले, बास करा शिकलगार.
दाखला मागायचं ध्यानातच ऱ्हायलं.'

मी पुढची पानं उलटली.
सलगरे, एक्क्याऐंशी. माझी शाळा.
त्या दुपारी मी आत नव्हतो,
माझ्यापाशी दहा पैसे नव्हते.
वर्गामागं लिंबाखाली उभा होतो.
आत कुत्र्यांची भांडणं लागली, तेव्हा
मी झाडावर चढून बसलो होतो, खरोखर घाबरून,
आणि शेवटच्या कोकिळेला
लिंबावरच्या कोकिळेनं उत्तर दिलं होतं, माझ्या डोक्यावरनं.
हे त्यांना सांगितलं नाही.
दहा पैसे तसेच राहिलेत.

साहेब चहावरून आले. 'काय भानगड आहे?
मग करून दाखवा म्हणावं काहीतरी.'

शिकलगारांनी कवळी काढली,
रुमालात बांधली, माझ्या टेबलावर ठेवली.
'दात आडवं येत्यात,' म्हणाले, तेही नीट कळलं नाही.
मग डोळे मिटून
दोन्ही तळवे तोंडापुढं धरून
त्यांनी छोटी गाडी सोडली, ढालगावातनं.
नॅरोगेज. रूळ उखडले त्याला किती वर्षं झाली.
आधी वाफ, मग ते दम्याच्या माणसासारखं ओढणं,
कवठेमहांकाळला चिंचा विकणारी बाई,
तिच्या टोपलीत तोंड घालणारी शेळी,
सलगरेच्या चढावर इंजिनाचं रडकुंडीला येणं.
जन्म-मृत्यूच्या खिडकीतली रांग आमच्याकडं वळली.
कुणाचं तरी तान्हं रडायचं थांबलं.
आवक-जावकच्या पाटीलबाई शिक्का हातात धरून उभ्या,
त्यांचं माहेर बेळंकी,
आणि गाडी बेळंकीला पुरता एक मिनिट थांबली.

आरगच्या अलीकडं शिट्टी फुटली.
नुसती हवा आली.
त्यांनी पुन्हा छाती भरली, पुन्हा हवाच.
'मिरजेपत्तुर न्हेतो मी रोज,' म्हणाले,
रुमाल चाचपत.
'आज दिवस काय ठीक न्हाई.'

साहेब काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.
मी रकान्यात लिहिलं: इतर.
मग 'इतर' खोडून लिहिलं: आवाज.
खाडाखोड चालत नाही,
म्हणून बाजूला माझी सही केली.

रेशन कार्डाची झेरॉक्स जोडलेली नव्हती.
समोरच्या दुकानात लाइट गेली होती.
सोमवारी या म्हटलं.